भावाच्या घाणीवरचं जवस

कोकिळाने पिशवीतून फडकं काढलं आणि तेलघाणीच्या ओट्यावर, भावासमोर ठेवलं. आठ दिवस गुडघ्याला बांधलेलं, तेलात भिजवलेलं जुन्या लुगड्याचं फडकं.

"दादा, हात लावून पाह्य."

घनश्यामने ते उचललं आणि लगेच खाली ठेवलं. तीस वर्षं तेल काढणाऱ्याला काय सांगायचं? जवसाचं तेल वाळलं की कापड पापडासारखं कडक होतं. हे अजून मऊच होतं.

"पावसाळी हवा हाय," तो म्हणाला. "वाळाले वेळ लागते."

"मागल्या पावसाळ्यात नाही लागला."

यंदा आर्णीच्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे कपाशीच होती. नवऱ्याशी भांडभांड भांडून कोकिळाने धुऱ्याकडची, बांधालगतची एक पट्टी जवसाला राखली होती, ती आपल्या गुडघ्यांसाठी. सूज उतरते ती जवसाच्याच तेलाने, ही तिची खात्री. आता तर डॉक्टरही जवस खा म्हणत होते. पट्टीतलं सगळं जवस तिने इथे आणून टाकलं. परक्याच्या घाणीवर बाई शेवटची धार पडेस्तोवर जागची हलत नाही. पण सख्ख्या भावाच्या घाणीवर ठाण मांडून बसायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. ती वहिनीच्या हातचा चहा पिऊन घरी गेली होती. तिथेच फसली.

"सरकीचं देल्लं ना मले?"

घनश्याम घाणीकडे बघत राहिला. "वासापुरतं जवसाचं हाय त्यात."

"अन् बाकीचं?"

"यवतमाळवरून शीलाताई आल्या होत्या, गाडी घेऊन. इंजिनेर साहेबाची बायको. सांधे सुजले म्हणे, शुद्धच पायजे म्हणे. तिच्या चार मैत्रिणीयलेही पायजे होतं. एवढ्या मोठ्या लोकायले नाही कसं म्हणू?"

"त्यायची सूज ते सूज, अन् माही?"

घनश्यामची नजर तिच्या गुडघ्यांवर गेली. त्याचा चेहरा उजळला. "पण गुण तर आला ना तुले? स्टँडवरून पायी आली तू!"

खरं होतं. सूज निम्मी ओसरली होती, आणि गल्लीतल्या सगळ्या बायांना तिने कौतुकाने सांगितलंही होतं, माझ्या दादाच्या घाणीचं तेल म्हणून. कोकिळाला आपल्याच गुडघ्यांची चीड आली.

"आला," ती म्हणाली. "भावानं काढलं हाय, असं समजून लावलं म्हणून आला."

ती उठायला लागली तशी गुडघ्यात कळ आली. घनश्यामने झटकन हात पुढे केला.

कोकिळाने भिंत धरली.