वरच्या खोलीतला विमावाला

“दारं बाहेरून लावायचा हुकूम कोणाचा होता?”

एवढं विचारून काकू खाली बसल्या. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला.

“माहिती घेऊन कळवू,” ते म्हणाले. मागच्या सुनावणीलाही ते हेच म्हणाले होते. त्याच्या मागच्याही.

शेवटच्या रांगेतला विमावाला उठला. त्याने काकूंची पिशवी घेतली, जिना उतरताना हात दिला. रस्त्यावर आल्यावर काकू म्हणाल्या, “भिजत घोंगडं ते भिजतच राहणार. चल, भूक लागली असेल तुला.”

विमावाला हे नाव त्यांनीच पाडलेलं. विमा कंपनीत नोकरीला आहे असं सांगून त्याने त्यांच्या चष्म्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली होती. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, वर ती खोली. यजमान गेल्यापासून काचा घासायचं यंत्रही काकूच चालवत.

यजमान पाहुण्याला गाडीत बसवायला म्हणून स्टेशनवर गेले होते. प्रतीक्षालयात अतिरेकी शिरले, गोळीबार सुरू झाला, लोक दारांकडे धावले. दारं बाहेरून बंद! अतिरेकी निसटू नयेत म्हणून कोणीतरी वरून हुकूम सोडला होता. आतल्या माणसांचं काय, हा विचार त्या कोणीतरीने केला नव्हता. तो कोण, हे सरकार सांगत नव्हतं.

सुरुवातीला सुनावणीला नातेवाइकांची ही गर्दी. मग कोणी थकलं, कोणी गाव सोडलं, कोणी “गेलेलं माणूस काही परत येत नाही” म्हणून घरी बसलं. उरल्या एकट्या काकू. परदेशातली मुलगी फोनवर म्हणायची, “आई, किती दिवस भिंतीवर डोकं आपटणार आहेस?” हल्ली तेही म्हणत नसे. फोनच फारसा येत नसे.

विमावाल्याचा आणि विम्याचा मात्र काडीचा संबंध नव्हता. तो सरकारच्या गुप्तचर खात्यातला माणूस. काकूंना कोण भेटायला येतं, कोणी पत्रकार फूस लावतो का, पुढच्या सुनावणीला त्या काय विचारणार, हे साहेबांच्या कानावर घालायचं, एवढंच त्याचं काम.

पण घालणार काय, कपाळ? काकूंकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या एकट्याच नव्या फ्रेमा पुसत बसत. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोन ताटं मांडत आणि जिन्याखालून हाक मारत.

त्याला तरी कोण होतं? आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरा संसार थाटला. “उशीर का झाला?” असं आजवर त्याला फक्त साहेबांनी विचारलं होतं. आता काकूही विचारत. एकदा तो तापाने फणफणला, तेव्हा दुकान बंद ठेवून त्या त्याच्या उशाशी बसल्या, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत. साहेबांचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, “विशेष काही नाही, सर.”

मग एके दिवशी तो कार्यालयात साहेबांच्या खोलीबाहेर वाट बघत बसला होता. दार अर्धवट उघडं. साहेब आत फोनवर हसत होते.

“अहो, अध्यक्ष टरकतात त्या बाईला! टरकणारच. तेव्हा सगळी सूत्रं त्यांच्याच हातात होती, हुकूम त्यांचाच. आता स्वतःच स्वतःची चौकशी करतायत. म्हातारी विचारायची थांबली की तेही सुटले आणि आमचा माणूसही.”

विमावाला साहेबांना न भेटताच बाहेर पडला. घरी जायचं सोडून रस्ते तुडवत राहिला. सांगावं तर नोकरी गेली, खोली गेली. आणि काकू आपलं तोंडही बघणार नाहीत. न सांगावं तर त्या दोन ताटांसमोर बसायचं कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. काकू एका फ्रेमचा स्क्रू बसवत होत्या.

“काकू, मी विमावाला नाही.”

“बरं.”

“सरकारी माणूस आहे मी. तुमच्यावर पाळत ठेवायला पाठवलेला. आणि दारं लावायचा हुकूम... तो अध्यक्षांचाच होता. तुम्ही ज्यांना विचारता, त्यांचाच.”

काकूंनी स्क्रू घट्ट केला. “हे बाहेर कुठे बोलू नकोस. नोकरी जाईल.”

“काकू, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणालो ते?”

“ऐकलं रे. अध्यक्षांचा ड्रायव्हर माझं जुनं गिऱ्हाईक. तू राहायला आलास, त्यानंतर थोड्याच दिवसांनी इथे बसून रडला होता तो. साक्ष दे म्हटलं, तर कानांवर हात ठेवले. त्याचीही मुलंबाळं आहेत.”

“आणि माझं कसं कळलं?”

“इतके दिवस या घरात जेवलास, पण एकदाही मला ‘पॉलिसी घ्या’ म्हणाला नाहीस. असला विमावाला असतो का कुठे?”

त्याला हसू आलं नाही. तो समोरच्या स्टुलावर मटकन बसला.

“सगळं माहीत होतं, तर मग दर वेळी तोच प्रश्न कशाला? गुडघे धरून ते जिने चढायचे, तेच उत्तर ऐकायचं, रिकाम्या हाताने परत यायचं. थांबला का नाहीत?”

काकूंनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“थांबले असते,” त्या म्हणाल्या, “तर त्यांनी तुला परत बोलावलं असतं ना.”