जानव्याला बांधलेली वाटी

लोणच्याची बरणी नको. बॅगेच्या मुठीला लाल नाडी बांधा. पासपोर्टला सहा महिने मुदत हवी. सुकं खोबरं हातातल्या पिशवीत चालत नाही. सोनं फक्त अंगावर.

नवरीच्या मामांच्या अशा अडतीस सूचना लग्नाच्या ग्रुपवर येऊन पडल्या. वरमाई हसल्या. "अहो मामा, अकरा देश फिरलेय मी. माझी बॅग कधी हरवत नाही."

बालीच्या विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, वरमाईंचीच आली नाही. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी सासरची वाटी त्या बॅगेत होती. माहेरची मामांकडे होती. दोन्ही बालीतच ओवायच्या होत्या.

मुहूर्ताला अर्धा तास उरला, तरी बॅगेचा पत्ता नव्हता. मामांनी सदऱ्यात हात घातला आणि जानव्याला बांधलेली वाटी सोडली. "हिच्यापायी तपासणीत तीनदा बाजूला उभं केलं मला," ते म्हणाले. काळ्या मण्यांत ती एकटीच ओवली गेली.

वरमाईंचे डोळे भरले. "आमची वाटी नाही म्हणजे सून अर्धी तुमचीच राहिली की हो."

"अर्धी कसली? पूर्ण," मामा म्हणाले. "बॅग सापडली की न्या, विहीणबाई."

या वेळी त्या मोकळं हसल्या. मग जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "परतीच्या प्रवासाच्या सूचना कधी टाकताय?"

या लग्नाआधी मामा एकदाही विमानात बसले नव्हते.