गोष्ट सांगत चढायची वाट

अशी कल्पना करा, की तुम्ही एका उंच डोंगराची चढण चढताय. झाडं केव्हाच खाली राहिली आहेत. आजूबाजूला नुसते दगड आणि वारा. आणि रांगेत सगळ्यांत पुढे, वाटाड्याच्या पाठोपाठ, तुम्ही आहात. का, माहीत आहे? कारण तुम्ही फार बोलता.

रेडिओचं तसंच झालं होतं. घरी सगळे तिला रेडिओच म्हणायचे. सकाळी एकदा तोंड उघडलं की झोपेपर्यंत ते मिटायचं नाही. बाबा तर जेवताना बोटांनी हवेत बटण फिरवून तिला बंद करायचे. आणि इथे चढाईच्या पहिल्याच दिवशी वाटाड्याकाकांनी तिला रांगेच्या तोंडाशी आणून उभं केलं. एखादी गोष्ट येते का, म्हणाले. येत असेल तर चालता चालता सांगत राहा.

रेडिओला तेवढंच हवं होतं. तिनं न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीची गोष्ट सुरू केली. गोल गोल फिरून कंटाळलेली ही खुर्ची एका दुपारी दुकानातून पळून जाते, तीही अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन. मागची मंडळी हसायला लागली. मधेच रेडिओचा शब्द घशात अडकला, की काका हात वर करायचे. सगळे थांबायचे, पाणी प्यायचे. मग काका विचारायचे, पुढे? असं करत करत खुर्ची चौकापर्यंत आली आणि मंडळी मुक्कामाच्या झोपडीपाशी. रेडिओच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पहिल्या दिवसाची चाल मुद्दामच थोडी ठेवलेली होती. उंचीशी शरीराची ओळख व्हायला वेळ लागतो. काकांनी सकाळीच सगळ्यांना समजावलं होतं, की डोकं जरा जड होईल, भूक मरेल, झोप नीट लागणार नाही, त्याला घाबरायचं नाही. पण बसल्या जागी दम लागला तर लपवायचं नाही. अशा माणसानं उजेड आहे तोवर खाली उतरायचं, आणि त्याच्या घरच्यांनी त्याच्याबरोबर. खाली गेलं की बरं वाटतं.

झोपडीत चूल पेटलेली होती. भिंतीला लागून खाटा होत्या. रेडिओला या चढाईला घेऊन आलेली तिची आत्या एका खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. सूपचा वाडगा तिच्या मांडीवर तसाच होता. रेडिओ तिच्या शेजारी जाऊन बसली आणि आपलं कौतुक सांगायला लागली. काकांना माझी गोष्ट इतकी आवडली, की दर वेळी थांबून ऐकायचे.

आत्या हसली.

“वेडाबाई, गोष्ट कुठली... तुझा श्वास ऐकत होते ते. वाक्य तुटलं... की थांबायचं. सगळ्यांनी किती जोरात चालायचं... ते तुझ्यावरून कळतं.”

रेडिओचा चेहरा पडला. म्हणजे गोष्ट कुणी ऐकतच नव्हतं. तिनं आत्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीकडे बघत बसली. बोलावंसं वाटेना, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

आणि गप्प बसल्यामुळे तिला ऐकू यायला लागलं. चुलीतल्या लाकडांचं तडतडणं. बाहेरचा वारा. आणि अगदी जवळून, पाठीमागून, आत्याचा श्वास. उथळ आणि घाईघाईचा, धावून आल्यासारखा. आत्याचं मघाचं बोलणं तिनं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ते तीनदा तुटलं होतं. आणि आत्या तर बसलेली होती.

रेडिओ झटकन तिच्याकडे वळली.

“आत्या, तुला दम लागलाय?”

“छे.”

याच डोंगरावरच्या तळ्याचा फोटो आत्याच्या फ्रिजवर लावलेला होता. त्या तळ्यासाठी ती अख्खा हिवाळा पाठीवर रद्दीचं पोतं घेऊन इमारतीचे जिने चढत-उतरत होती. शेजारचे विचारायचे, कुठला मजला बदलताय. तळ्यात सगळ्यांत आधी पाय कुणी बुडवायचा, यावर आत्याचं आणि रेडिओचं अजून भांडण चालू होतं. काकांना कळलं, तर दोघींनाही आत्ताच्या आत्ता खाली जावं लागणार.

तेवढ्यात काका आत आले. प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारपूस करायला लागले. या खाटेपाशी आले तेव्हा आत्या ताठ बसली आणि चक्क हसली.

“उत्तम,” ती म्हणाली.

एकच शब्द. एका शब्दाचे काय तुकडे होणार? काकांनी मान डोलावली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

“काका, थांबा ना,” रेडिओ म्हणाली. “खुर्चीचं पुढे काय झालं, ते आज आत्या सांगणार आहे.”

काका वळले. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग भरलेल्या वाडग्याकडे. स्टूल ओढून ते आत्यासमोर बसले.

“सांगा. खुर्ची चौकात आली होती,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाच्या एका गालाला अजून फेस आहे.”

म्हणजे ते गोष्टही ऐकत होते. रेडिओला एकदम रडूच आलं. आत्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं, तरी तिनं मान खाली घातली नाही.

आत्यानं श्वास घेतला. “मग ती खुर्ची...” ती म्हणाली, आणि थांबली.

आत्याचं वाक्य पुरं व्हायची रेडिओनं वाट पाहिली नाही. ती खाली वाकली आणि खाटेखालून तिनं आधी आत्याचे बूट बाहेर काढले, मग आपले.