मागचं दार

आईअण्णांना कीर्तनाला आरामात नेता यावं म्हणून गाडी घेतो, असं विहंग वर्षभर सांगत होता. पण तेवढ्याच पैशांत जुनी लाल स्पोर्ट्स कार दिसली आणि गडी पाघळला. इंदिरानगरात ती दारात गुरगुरली, तसं आईने कौतुकाने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. परीटघडीचा सदरा घातलेले अण्णा गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, “अरे, मागचं दार कुठंय?” विहंग ओशाळला. “अण्णा, हिला दोनच सीट आहेत.” अण्णा हसले. “तू आईला कीर्तनाला ने. मी रिक्षाने येतो.” “छे, मी यांच्यासोबतच!” आई म्हणाली. “चला, बुवांचा पूर्वरंग चुकेल.” रिक्षा निघाली आणि विहंगची गाडी पंचवटीपर्यंत तिच्यामागे रांगत राहिली. रस्ता मोकळा होता. आई रिक्षातून डोकावून ‘जा पुढे’ खुणावत होती. पण त्याचा पाय काही ॲक्सिलरेटरवर दबेना.