पाटावरची फाईल

खंडेनवमीला आईने पाटावर धाकट्याची हत्यारं मांडली. पक्कड, टेस्टर, पाने. दहावीला दोनदा आपटलेला हा गडी वायरमनचा कोर्स करून कामाला लागला, आणि आई चक्क त्याच्या पकडीला कुंकू लावत होती.

मी एम.ए. होऊन चार वर्षं घरीच. "तुझं काय ठेवू रे?" तिने विचारलं. मी चिडून डिग्रीची फाईल आणून आदळली. तिने फाईललाही कुंकू लावलं.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा बंद पडला. धाकटा हसला. "पुजलेल्या हत्यारांना आज हात लावायचा नसतो. उद्या बघू."

मला बरं वाटलं. एक दिवस तरी तोही माझ्यासारखाच रिकामा.

दसऱ्याच्या सकाळी त्याने हत्यारं उचलली. पाटावर फाईल तेवढी उरली.

"स्टूल धर त्याचं," आई म्हणाली. धरलं. करतो काय!

वरून पकडीवरचं कुंकू माझ्या मनगटावर सांडलं. "कंडेन्सर गेलाय, दादा. हा बघ, नवा असा बसवतात."

आतून नुसता जळत होतो. तरी मान वर केली.

"जरा हळू कर," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही मला."