बुटातली पट्टी

मधुमेही नवऱ्याच्या, नेमगोंडाच्या, बुटातली पट्टी पद्मिनीने आठवडाभर आपल्या बुटात घालून वापरली. मधुमेह्याच्या पायाला जखम होणार असेल, तर ती पट्टी महिनाभर आधीच सांगायची आणि मग त्याचं यंत्रमागावरचं उभं काम सुटायचं.

"अहो, मला कुठाय साखर? माझे पाय ठणठणीत आहेत," ती नवऱ्याला म्हणाली होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी यंत्राला लावली आणि त्या गंभीर झाल्या.

"डाव्या अंगठ्याखाली जखम होणार. पाय दाखवा."

नेमगोंडा बूट काढू लागला. पद्मिनीने त्याचा हात धरला, खरं काय ते सांगितलं आणि स्वतःचा पाय पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी तपासायला सुई काढली, ती बघून तिने डोळे गच्च मिटले.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याखाली सुई टोचली.

"टोचा की बाई आता," डोळे मिटूनच पद्मिनी म्हणाली.