हात धुतला तरी

“हात धुतला तरी जात नाही रे, सॉकजू.”

ताईचा तो आवाज अजून त्याच्या कानात होता. पुसान शहरातल्या बुटांच्या कारखान्यातून ती घरी यायची, मोरीपाशी बसायची आणि मीठ लावून मनगट घासत राहायची. मुकादमानं धरलेलं मनगट. लहानगा सॉकजू पाणी ओतायचा. ती स्वतःशीच गुणगुणायची,

नदीबाई, नदीबाई, मळ माझा नेला,
नेला नाही हात त्याचा, इथंच राहिला.

आता पांग्योतल्या काचेच्या इमारतीत बसून बे सॉकजू पडद्यावरचा मजकूर वाचत होता.

‘जेवणावळीत तो शेजारी बसतो. भाजलेलं मांस पानात गुंडाळून आपल्या हातानं माझ्या तोंडात कोंबतो. बोटं ओठांना लागतात. नाही म्हटलं तर सगळे हसतात. घरी जाऊन मी ओकते.’

कंपनीसाठी सॉकजूनंच बनवलेल्या ऑनलाइन तक्रारपेटीतला हा चौथा निनावी संदेश. सोमवारी समिती बसणार होती आणि तक्रार करणारीचं नाव नसेल तर प्रकरण बंद, हे आधीच ठरलं होतं. म्हणजे तो नीच माणूस मोकळा सुटणार. ती पोर पुढच्या जेवणावळीत पुन्हा त्याच्या घासासाठी तोंड उघडणार.

सॉकजू उठला, हात धुऊन आला.

तो नीच माणूस कोण, याबद्दल त्याला शंका नव्हती. संचालक पियो. ओल्या ओठांचा, जेवण झाल्यावर सगळ्यांदेखत दात कोरणारा. गेल्या जेवणावळीत शेगडीभोवती फिरून तो पोरींना घास भरवत होता. हनुवटीवर तेलाचा ओघळ. सॉकजूनं आपल्या हाताखालच्या ह्येरिनला वेळेवर उठवून आपल्याजवळ बसवून घेतलं होतं. तिला उपाशीही राहू दिलं नव्हतं.

“काय रे, जेवायला खाली येतोस की ताट वर धाडू?” पियो दारातून ओरडला. “आणि त्या पोरीला तरी सोड की! रोज काय डांबून ठेवतोस?”

“काम आहे, सर.”

“काम!” पियो खिदळला. दातातली कोथिंबीर दिसली. सॉकजूनं मान फिरवली.

मजला रिकामा झाल्यावर त्यानं ह्येरिनच्या खुर्चीला आपली खुर्ची लावली. कागदात गुंडाळलेला किम्बाप, भाताची वळकटी, तिच्यापुढे ठेवला. नव्या मुलांमध्ये तीच सगळ्यात हुशार. ताईच्या तेव्हाच्या वयाची.

“खा गं. वाळत चाललीयस.”

“भूक नाही, सर.”

“बरं, मग हे बघ. पेटीचा हँडलर, संदेश उचलणारा कोड. त्याच्या हाती नुसता मजकूर येतो. पाकिटातलं पत्र यावं आणि पाकीट दारातच फाडून टाकावं, तसं. मला पाकीट हवंय. संदेश कुठल्या मशीनवरून आला, ते. आतून मूळ रिक्वेस्टपर्यंत, म्हणजे त्या पाकिटापर्यंत, कसं पोचायचं?”

ह्येरिनची बोटं कळफलकावर थांबली.

“पाकीट फाडायची युक्ती तुमचीच ना, सर? ‘नाव कुणालाही दिसणार नाही,’ असं पेटीवर लिहिलंय.”

“लिहिलंय. पण नाव कळल्याशिवाय तिला वाचवणार कसं?”

“तिनं म्हटलंय का, वाचवा म्हणून?”

“अगं, घाबरलेली माणसं म्हणतात का असं?” तो म्हणाला. “माझ्या बहिणीनं कधी म्हटलं नाही. मी नुसता पाणी ओतत राहिलो.”

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “हँडलरला सोबत एक संदर्भ मिळतो. त्यात मूळ रिक्वेस्ट असते. तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता. दोन ओळींचं काम आहे.”

“लिही मग. तुझ्याच हातानं होऊ दे.”

तिनं लिहिलं. तो वाकून बघत होता. तिनं खुर्ची जराशी सरकवली. त्यानंही सरकवली, पडदा नीट दिसेना म्हणून.

“शाबास,” तो म्हणाला. “त्या डुकराला आता सोडत नाही.”

“कुणालाच सोडू नका, सर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, सगळे जेवायला उतरल्यावर, पेटीत नवा संदेश पडला. मजकुरात एवढंच होतं: ‘आता बघा.’

सॉकजूनं खालची ओळ उघडली. हँडलरनं पहिल्यांदाच पाकीट जपून ठेवलं होतं. त्यावरचा मशीनचा पत्ता त्यानं कोण कुठं बसतं त्या यादीत शोधला.

ते मशीन त्याच्या उजव्या हाताला होतं.

ह्येरिन ताठ बसली होती. समोर पाहत होती. तिच्या पुढ्यातला किम्बाप कालचाच, न उघडलेला.

“तू?” त्याचे डोळे भरून आले. पियोचे ते ओले ओठ, ती तेलकट बोटं त्याला आठवली. “अगं वेडे, मला का नाही सांगितलंस? मी इथं तुझ्या शेजारी बसलेला असताना!”

तिनं खुर्ची मागे सरकवली.

त्यानं खुर्ची ओढली, अगदी जवळ. ताईशी बोलावं तसा त्याचा आवाज मऊ झाला.

“आता घाबरू नकोस. मी आहे ना. सोमवारी समितीपुढे तू फक्त नाव घे, बाकी मी बघतो. पियोच ना? बोल, बाळ.”

ह्येरिननं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“पियो सरांनी मला कधी बोटही लावलेलं नाही,” ती म्हणाली. “माझ्या खांद्यावरचा हात काढा, बे सर.”